सांगून का टाकत नाहीत? (विनोदी, रडपट, तमाशापट, रहस्यपट वगैरे)

गोदाकाठ

सुट्टीला भाची आली आहे. वय चौदा. तिच्या लेखी २०१० च्या आधीचा प्रत्येक सिनेमा जुना, आणि जुना म्हणजे कंटाळवाणा. म्हटलं, रोज रात्री जेवणं आटपली की एक मराठी सिनेमा लावायचा. आवडला नाही तर दुसऱ्या दिवशीची भांडी माझ्याकडे. (अजून हरले नाहीये.)

पहिल्या रात्री 'अशी ही बनवाबनवी', १९८८ चा. चार मित्र, पुण्यात जागा मिळेना, घरमालकीण जोडप्यांनाच जागा देणार म्हणून दोघं साड्या नेसतात. पोरगी पोट धरून हसली, पण मध्येच म्हणाली, "मावशी, हे तिला सरळ सांगून का टाकत नाहीत?" म्हटलं, सांगितलं तर सिनेमा तिथेच संपेल की गं.

तिसऱ्या रात्री 'माहेरची साडी', १९९१. सासरी छळ चाललाय आणि अलका कुबल माहेरी अवाक्षर काढत नाही. हिने उशी आपटली. "ही सांगून का टाकत नाही?" प्रश्न तोच, आवाज मात्र चढलेला.

मग मला झोप येईना. दोन्ही सिनेमे एकाच न सांगण्यावर उभे आहेत. दोन्हीकडे आपल्याला सगळं ठाऊक आहे, पडद्यावरच्या माणसांना नाही. तरी एकीकडे हसू आणि दुसरीकडे हुंदके, हे कसं? मला सुचलं ते असं. विनोदी सिनेमात लपवणारा सारखा धडपडत असतो. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. रडपटात लपवणारी बाई जागच्या जागी सोसते, धडपड बाकीचे करतात. गाणी बघा. 'कुणीतरी येणार येणार गं' हे डोहाळजेवणाचं गाणं. परशाची पार्वती झाली इथवर ठीक होतं, आता तिला दिवस गेलेत हेही निभवायचं. गाणं संपतं तेव्हा खोटं आणखी एक मजला चढलेलं असतं. रडपटातलं गाणं गोष्ट पुढे नेत नाही. जे माणसांना सांगता येत नाही ते बाई गाण्यात म्हणते. ऐकणारे फक्त आपण, म्हणून आपल्यालाच अपराधी वाटायला लागतं.

तर कल्पना अशी: सिनेमाचा प्रकार ओळखताना कपडे, गाव, नट बाजूला ठेवायचे आणि एवढंच बघायचं की कोण कुणापासून काय लपवतंय आणि ते आपल्याला आधी कळलंय का. तमाशापट, रहस्यपट, भुताचे, संतांचे, सगळ्यांना लावून बघू या. शेवट भरपूर फुटणार आहेत. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरा.

पिठलं भाकरी

जागा राखून ठेवतो. भांडी घासून येतो.

तिसरी घंटा

झकास धागा. हौशी रंगभूमीवर बरेच फार्स (म्हणजे लपवालपवी आणि धावपळीची विनोदी नाटकं) केलेत म्हणून हक्काने लिहितो. फार्स बसवताना आम्ही संवादांआधी सेटची दारं मोजतो. एक दार बाहेरचं, एक स्वयंपाकघराचं, एक आतल्या खोलीचं. ज्याच्यापासून लपवायचं तो एका दारातून आला की ज्याला लपवायचं तो दुसऱ्यातून गेला पाहिजे. बनवाबनवीची मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) मधली, पण मराठीत ती मुरली ती वसंत सबनिसांच्या संवादांमुळे. सबनीस म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा'वाले. हजरजबाबी बोलणं कसं लिहायचं ते त्यांना लोकनाट्यातून ठाऊक होतं.

आता कॅमेऱ्याचं. विनोदी सिनेमात कॅमेरा मागे उभा राहतो. थापा मारणारा आणि थापा ऐकणारा, दोघं एका चौकटीत दिसले तर हसू येतं. साडी सावरणारा हात, पदराआडून होणारी खूण, समोरच्याचा भोळा चेहरा, हे सगळं एकदम दिसायला हवं. तोच प्रसंग नुसता डोळ्यांच्या क्लोजअपमध्ये घ्या. माणूस घाबरलाय हे दिसेल आणि हसू पळेल. रडपटाचं सगळं भांडवल मात्र क्लोजअप. भरलेले डोळे, थरथरणारा ओठ, आणि नेमकी त्याच वेळी दुसऱ्या खोलीत असलेली माणसं.

सोनकी

गोदाकाठताई, 'रडपट' या शब्दाला माझी हरकत आहे. तमाशापट म्हणताना कुणी नाक मुरडत नाही, भयपट म्हणताना नाही. बायकांनी गर्दी केली की लगेच रडपट.

आणि तुमच्या भाचीला सांगा, ती का सांगत नाही ते. माझी मावशी १९८७ साली लग्न होऊन तालुक्याच्या गावी गेली. घरात फोन नाही. आलेलं पत्र आधी सासू फोडायची, जाणारं पत्र दीर टाकायचा. माहेरहून भाऊ आला तर तिच्याशी एकटीने बोलायला मिळायचं ते पाण्याचा तांब्या देताना, उंबऱ्यावर, जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात काय सांगणार? आणि सांगून? पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या. हा सिनेमा तिने थेटरात तीनदा बघितला. कथा ताणलीय हे तिलाही कळत होतं. पण उंबऱ्यावरचं ते मिनिट तिला ओळखीचं होतं.

तुम्ही ज्याला गोष्ट चालू ठेवायची युक्ती म्हणताय ती कित्येक बायकांची रोजची वहिवाट होती. बनवाबनवीतल्या चौघांना सांगायची सोय होती. जागा गेली असती, दुसरी शोधली असती. इथे दुसरी जागाच नाही. हसू आणि रडू यातला फरक मला तरी इथे वाटतो.

गोदाकाठ

सोनकी, हे वाचून गप्प झाले. सकाळी भाचीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "मग त्या मावशीने शेवटी सांगितलं का?"

सोनकी

बारा वर्षांनी. आजोबा गेल्यावर.

मागचा बाक

रंगाचा बेरंग करतो, सवय आहे. एक किल्ली सगळ्या कुलपांना लागली की मला संशय येतो. ऐतिहासिक सिनेमा घ्या. भालजी पेंढारकरांचे बघा नाहीतर अलीकडचे. तिथे कोण काय लपवतं? माणसं मनात आलं की छातीवर हात मारून बोलून मोकळी होतात. आणि शेवट शाळेतल्या पोरालाही पाठ. संतपटातही तेच. तुकोबा काय लपवणार?

अलीकडच्या ऐतिहासिकांत तर तलवार उपसायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात गनीम घरी जाऊन जेवून परत येईल. पण ते अवांतर.

पिठलं भाकरी

बाक, पावनखिंडीची गोष्ट आठव. पन्हाळ्याहून निघताना शिवा काशीद महाराजांचा वेष घालून पालखीत बसतो. वेषांतर, खोटं नाव, समोरचा फसतोय, आपल्याला सगळं ठाऊक. मांडणी बनवाबनवीचीच आहे, फक्त पकडला गेला की जागा जात नाही, मान जाते. फार्स आणि वीररस चुलतभाऊ निघाले!

तिसरी घंटा

पिठलं, दंडवत घ्या. हे सुचलं नव्हतं.

त्यात भर. शेवट पाठ असलेल्या गोष्टीत ताण कसा आणायचा? पोवाड्यात शाहीर पहिल्याच चौकात सांगून मोकळा होतो की बाजी पडले. पुढे आपण 'काय होणार' यासाठी ऐकतच नाही. आपण तोफेसाठी थांबलेलो असतो. महाराज विशाळगडावर पोचल्याची तोफ ऐकू येईतो बाजी उभे. बातमी आपल्याला आहे, बाजींना नाही. म्हणून 'पावनखिंड'सारख्या (२०२२) सिनेमात त्या भागात सगळ्यात महत्त्वाचा आवाज तोफेचा. तलवारींचा खणखणाट कितीही करा, कान तिकडेच.

मागचा बाक

बरं. अर्धा गुण दिला. संतपटाचं काय?

ढोलकीचा नाद

संतपटाचं थोडक्यात सांगून माझ्या विषयावर येतो.

प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल) कीर्तनाच्या वळणाने चालतो. शेवट सगळ्यांना ठाऊक, वैकुंठाला जाणार. तुकोबा काही लपवत नाहीत हे खरं, पण सालोमालो लपवतो की! दुसऱ्याचे अभंग आपले म्हणून गातो. त्याचं खोटं उघडं कोण पाडणार? तुकोबा भांडायला जात नाहीत. म्हणून संतपटात सांगायचं काम चमत्कार करतो. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या वर येतात, झाला निवाडा. आणि मनात आलेलं तोंडावर बोलणारं एकच माणूस त्या सिनेमात आहे, ती आवली. देवळात जाऊन प्रत्यक्ष विठ्ठलाला फैलावर घेते. विमान येऊन नवरा वैकुंठाला गेला तरी ही मागे, पोराबाळांत. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाची वाखाणणी झाली. मला वाटतं परदेशातल्या परीक्षकांनाही आधी आवलीच समजली असणार.

गंमत बघा, त्यातलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं. लोकांनी ते तुकोबांचा अभंग म्हणून उचललं. सालोमालोच्या नेमकं उलट!

आता तमाशापट. घरात ढोलकी होती म्हणून जरा लांबण लावतो. तमाशाची रीत म्हणजे गण (गणपतीची प्रार्थना), गवळण, बतावणी (विनोदी बोलाचाली) आणि मग वग (गोष्टीचं नाट्य). गवळणीत मावशी आणि पेंद्या, बतावणीत सोंगाड्या आणि सरदार, वगात राजा-राणी. पण सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहूनही समोरच्या पाटलाला, फौजदाराला चिमटा काढणार. म्हणजे फडावर बोललेलं एकाच वेळी गोष्टीतल्या माणसांना असतं आणि समोर बसलेल्यांनाही. तमाशापटाचा कणा हाच. तिथे नाच-गाणं ही करमणुकीची सुट्टी नसते, ती भर गावात दिलेली साक्ष असते.

'सांगत्ये ऐका' (१९५९, अनंत माने) बघा. सिनेमाचं नावच भाचीच्या प्रश्नाचं उत्तर आहे! पाटलाचं पाप वर्षानुवर्षं दडलेलं, आणि ते शेवटी फडावरून गावासमोर सांगितलं जातं. घरातली बाई उंबऱ्यावरच्या मिनिटात जे सांगू शकत नाही, ते फडावरची बाई ढोलकीच्या साथीने हजार माणसांत सांगते. हंसा वाडकर, जयश्री गडकर, वसंत पवारांचं संगीत. पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला म्हणतात तो हाच. त्यातली 'बुगडी' सगळ्यांना पाठ आहे, पण तिच्यात काय आहे? साताऱ्याला जाताना बुगडी हरवली, ही चुगली म्हाताऱ्याला सांगू नका! तिथेही लपवालपवीच.

'पिंजरा' (१९७२, व्ही. शांताराम) याच्या बरोब्बर उलट. मूळ गोष्ट जर्मन सिनेमातली, पण इथे आल्यावर पार तमाशाची झाली. गावाचे आदर्श गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादी लागतात. गाव समजतं, गुरुजींचा खून झाला. पुतळा उभा राहतो. आणि शेवटी त्याच गुरुजींना गुरुजींच्याच खुनाबद्दल पकडतात. 'तो मीच' एवढे दोन शब्द बोलले तर सुटतील. बोलत नाहीत, कारण बोललं की पुतळा पडतो. मराठी सिनेमात याहून महाग न सांगणं मला माहीत नाही.

सोनकी

+१. आणि 'पिंजरा'तलेच श्रीराम लागू आणि निळू फुले 'सामना'त समोरासमोर येतात तेव्हा सगळं पुन्हा उलटतं. मारुती कांबळेचं काय झालं, हे तिथला मास्तर विचारतच राहतो. सगळ्या गावाला उत्तर ठाऊक, सांगत कोणीच नाही. तेंडुलकरांनी लपवणारा एक माणूस न ठेवता अख्खं गावच लपवणारं केलं. त्याला रहस्यपट म्हणवत नाही, कारण उत्तर आपणही पहिल्या पाऊण तासात ओळखलेलं असतं.

पिठलं भाकरी

आणि दादा कोंडके कुठल्या खान्यात? 'सोंगाड्या' (१९७१) पासून पुढे लागोपाठ नऊ रौप्यमहोत्सव, गिनेस बुकात नोंद. त्यांच्यात कोणी काही लपवत नाही. वाक्य सरळ, साधं, सोवळं. दुसरा अर्थ आपल्या डोक्यात. पडद्यावरचा भाबडा माणूस विचारतो, का हसताय? कात्री लावणाऱ्या सेन्सॉरवाल्यानेही काय सांगावं, की या वाक्यात मला काय दिसलं? सांगितलं की तोच पकडला जाणार!

ढोलकीचा नाद

हीच तर बतावणी!

सातवी रीळ

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. माझे चुलते जत्रांतल्या तंबू थेटरात ऑपरेटर होते. उन्हाळ्यात मी त्यांच्या हाताखाली. आमच्याकडे मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की पडदा काळा, तंबूतले दिवे चालू, पुढचं रीळ चढेपर्यंत पाच-सात मिनिटं. एका खेळात असं बऱ्याच वेळा. तुमचं सिनेमाचं वर्गीकरण आम्ही त्या पाच मिनिटांच्या गलक्यावरून करायचो.

विनोदी असला तर दिवे लागल्याबरोबर लोक नकला करायचे, नुकतंच ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणायचे. सासू-सुनेचा असला तर पुरुषांकडे विड्या पेटायच्या आणि बायकांकडे बैठक भरायची. सुनेने काय करायला पाहिजे यावर मतं, सासूला शिव्या, आणि एखादी गप्प बसलेली. तमाशापट असला तर शिट्ट्या थांबायच्याच नाहीत, 'वन्स मोअर'साठी चुलत्यांना दम दिला जायचा, रीळ मागे फिरवा म्हणून. आणि रहस्याचा असला की भांडणं. काल बघून गेलेला कोणीतरी आज पुन्हा यायचा आणि दिवे लागले की ओरडून शेवट सांगायचा. एका वर्षी यावरून अशी मारामारी झाली की कनातीचे दोन बांबू मोडले. विनोदी सिनेमाचा शेवट आधी सांगितला म्हणून कोणी कोणाला मारलेलं मी बघितलं नाही.

भाचीच्या प्रश्नाला आमच्या तंबूत किंमत होती, एवढंच म्हणतो.

मागचा बाक

रीळकाका, तुम्ही वेगळा धागा काढा. विनंती नाही, हुकूम.

रहस्यपटाचा विषय निघालाच आहे तर मी किल्ली लावून बघतो. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (१९६४), ज्यावरून हिंदीत 'मेरा साया' (१९६६) आला. वकिलाची बायको वारली आहे आणि दरोडेखोरांबरोबर पकडलेली एक बाई म्हणते, मीच ती बायको. लक्षात घ्या, इथे बाई सांगून टाकतेय! भर कोर्टात, नवराबायकोलाच माहीत असलेल्या खुणांसकट. तिच्यावर विश्वास मात्र कोणाचा बसत नाही, नवऱ्याचा नाही आणि आपलाही नाही. म्हणजे रहस्यपटात माणसं बोलतात, लपवतो तो दिग्दर्शक. तो आपल्याला नवऱ्याच्या शेजारी बसवून ठेवतो आणि नवऱ्याला ठाऊक आहे तेवढंच दाखवतो. बाकी सगळ्या प्रकारांत आपण पडद्यावरच्या माणसांपेक्षा शहाणे असतो. इथेच काय ते त्यांच्याइतके बावळट.

भुताचे सिनेमेही याच घरातले. 'झपाटलेला'मध्ये (१९९३) बाहुलीत तात्या विंचू शिरलाय हे आपण बघितलंय. लक्ष्या घसा फोडून सांगतोय. पण त्याला पहिल्यापासून बोलक्या बाहुल्यांचं वेड, मग त्याचं ऐकणार कोण? मूळ कल्पना अमेरिकन, पण इथे बाहुली रामदास पाध्यांची. तीस वर्षांपूर्वीची पोरं अजून पलंगाखाली वाकून बघतात. तेच हसू, तीच भीती, एकाच कारणातून: खरं सांगणाऱ्याला येडं ठरवलंय.

म्हणजे किल्ली लागते. पूर्ण गुण.

गोदाकाठ

बाककडून पूर्ण गुण! आजची तारीख लिहून ठेवते.

आडवाटा

सगळं वाचलं. एक नाव कोणी घेतलं नाही, मुद्दाम की काय?

'सैराट' (२०१६). पहिला अर्धा भाग प्रेमकथेच्या सगळ्या रीती पाळतो. विहीर, उसाचा फड, मंद गतीतली धाव, अजय-अतुलने लॉस एंजेलिसला जाऊन भल्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केलेलं संगीत. चारही गाणी याच अर्ध्या भागात. लपवालपवीही प्रेमकथेतली ठरलेली, घरच्यांपासून. मग दोघं पळतात, हैदराबादला पोचतात आणि गाणी संपतात. मंजुळ्यांनी पडद्यावरचा प्रकारच बदलला. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, भांडणं, पगार. प्रेक्षक चुळबुळतो, कारण ज्या सिनेमाचं तिकीट काढलं तो सुटून गेलाय.

आणि आता भाचीचा प्रश्न. आर्ची शेवटी काय करते? आईला फोन करते. बाळाला आजीशी बोलायला लावते. ती सांगून टाकते. त्यानंतर दारात भाऊ येतो, हातात आईने पाठवलेल्या भेटी. चहा होतो.

पुढचं लिहीत नाही. आवाज बंद होतो आणि बाळाची पावलं दिसतात, तेव्हा आमच्या थेटरात झिंगाटला खुर्च्यांवर चढलेली पोरं होती. एकही हललं नाही. बाहेर पडतानासुद्धा चपलांचे आवाज तेवढे येत होते.

माहेरी कळवलं असतं तर सुटली असती, हे आपण 'माहेरची साडी'पासून मनात म्हणत आलो. हिने कळवलं.

सोनकी

हो.

तिसरी घंटा

फार्स, पोवाडा वगैरे बोलत बसलो होतो. यावर काही सुचत नाही.

गोदाकाठ

आडवाटा, 'सैराट' यादीत होता. तुमचं वाचून पुढे ढकललाय. दोन वर्षांनी बघू, मी शेजारी असेन तेव्हा.

आज 'पाठलाग' लावला, बाकच्या भरवशावर. अडचण एकच, आजी, म्हणजे माझी आई, मागे बसली आहे. तिने तो कॉलेजात असताना बघितलाय आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तोंड बंद राहावं म्हणून शेंगा सोलायला दिल्या.

पिठलं भाकरी

किती शेंगा?

गोदाकाठ

पुरल्या नाहीत. कोर्टातला प्रसंग ऐन रंगात असताना आजीने शेवट सांगून टाकला.

भाची म्हणते, आजी काहीही सांगते, असं असूच शकत नाही. दोघींचं भांडण चाललंय, सिनेमा थांबवून ठेवलाय. नंतर लिहिते.